हाकेची वेगळी वाट

साक्रीकडून धुळ्याकडे पांझरेच्या काठाकाठाने आपण आलो, तर वाटेत जुने बंधारे लागतात. ज्यांची जमीन फडात आहे त्यांना मी फडाची माहिती सांगावी, हा आगाऊपणाच होईल. पण जळगावकडील मंडळींसाठी आणि हे पान वर्गात वाचून दाखवणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द सांगतो. बंधाऱ्याने नदीचे पाणी वळवायचे, ते पाटात घ्यायचे, पाटातून चारीत आणि चारीतून शेताशेतांच्या सारंगात सोडायचे. खालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे. पाणी शेतकऱ्याने आपल्या हाताने घ्यायचे नाही, ते बारेकऱ्याने द्यायचे. पाटाची निगा पाटकऱ्याने पाहायची, राखणीला जागल्या. जादा झालेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नाल्याला जाते. काही शतके ही व्यवस्था लोकांनीच चालवली.

आता एक गोष्ट बघा. रात्री वर कुठे पाट फुटला तर खालच्या शेतकऱ्याला काय कळते? पाणी कमी येते, एवढेच. त्याला वाटते, पाळी संपली असेल. पाणी स्वतः काही सांगत नाही. बातमी येते ती बांधावरून पळत येणाऱ्या माणसाच्या तोंडून. "पाट फुटना रे भो!" ही हाक पाण्यातून वाहत येत नसते. पाण्याची वाट वेगळी आणि हाकेची वाट वेगळी.

हाच भेद संगणकात केव्हा केला गेला, कोणी केला आणि तो करायला काही वर्षे का लागली, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. मी इतिहासाचा माणूस. यंत्राशी माझा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता. ह्या विषयाकडे मी वळलो तो एका रजिस्टरामुळे.

तालुक्याच्या एका जुन्या शाळेची दाखल-खारीज रजिस्टरे आमच्या हाती आली होती. कागद असा की पान उलटताना कडा हातात यावी. सेवा योजनेच्या मुलांनी पानापानाचे फोटो काढले. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने प्रोग्रॅम लिहून दिला. एक मुख्य प्रोग्रॅम, तो एकेक फोटो उचलून दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमला कामाला लावी, आणि तो छोटा प्रोग्रॅम फोटो सरळ करून, लहान करून पानाच्या क्रमांकाखाली ठेवून देई. शेवटी पडद्यावर अक्षरे आली की सर्व पाने पूर्ण झाली. आम्ही पेढे वाटले आणि रजिस्टरे शाळेला परत केली.

आठेक महिन्यांनी चोपड्याकडचे एक गृहस्थ आले. मुलीचा प्रवेश जात पडताळणीवाचून अडला होता. आजोबा त्या शाळेत होते, आणि १९५० पूर्वीच्या शाळेच्या नोंदीला अशा कामात किती वजन असते ते खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको. आम्ही हाताने केलेल्या सूचीत आजोबांचे नाव होते, पानाचा क्रमांकही होता. पान मात्र नव्हते. एकशे बारा होते, एकशे चौदा होते, मधले गायब.

तो विद्यार्थी रात्रभर बसला आणि सकाळी खाली मान घालून आला. काही फोटो कार्डावरून अर्धवट उतरले होते. छोट्या प्रोग्रॅमने अशा प्रत्येक फोटोला ओरडून सांगितले होते की हे मला उघडत नाही. पण पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मुख्य प्रोग्रॅमात त्याच्या ओरडण्याची वाटच बुजवून टाकली होती. ओरडणारा ओरडत होता, कानच नव्हते. मी त्याला रागावलो नाही. मी त्याला विचारले, ही वाट मुळात कोणी काढली? त्याला ते ठाऊक नव्हते. तेव्हा मीच वाचावयास बसलो.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. लिहून ठेवलेला प्रोग्रॅम म्हणजे स्वयंपाकाची कृती, आणि चालू असलेला प्रोग्रॅम म्हणजे चुलीवर शिजत असलेला स्वयंपाक. ह्या चालू कामाला प्रोसेस म्हणतात. एका चालू कामाने दुसरे काम सुरू केले तर त्या दुसऱ्याला चाइल्ड प्रोसेस म्हणतात. आपल्याकडे पोटचारी, पोटहिस्सा म्हणतात, त्या चालीवर मी त्याला पोटकाम म्हणतो.

एका कामाने फुटून दोन व्हावे, ही कल्पना मेल्विन कॉन्वे ह्या अमेरिकन संशोधकाने १९६३ मध्ये एका लेखात मांडली. तिला त्याने फोर्क म्हटले. फोर्क म्हणजे रस्त्याला फुटणारा फाटा. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या संगणकावर ती वापरात आली, आणि तेथून बेल प्रयोगशाळेत गेली. न्यू जर्सी राज्यातली ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. १९६९ मध्ये तेथे केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी पीडीपी-७ नावाच्या, पडून असलेल्या एका लहानशा संगणकावर युनिक्स ही व्यवस्था उभी करावयास घेतली.

अगदी आरंभी त्या युनिक्सात मोजून दोनच कामे असत, कारण संगणकाला माणसाने बसायच्या जागा दोनच होत्या. तुमची आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम आज्ञा मिळताच स्वतः बाजूला होई, त्याच जागी आज्ञेचा प्रोग्रॅम येऊन बसे, आणि तो संपला की आज्ञा ऐकणारा पुन्हा आणून बसवावा लागे. पुढे फोर्क आला. मूळ काम जागेवरच राहायचे, त्याने आपली एक प्रत काढायची आणि त्या प्रतीने नवे काम अंगावर घ्यायचे. रिचीने पुढे १९७९ मध्ये लिहून ठेवले आहे की ह्या फोर्कला यंत्रभाषेच्या मोजून २७ ओळी पुरल्या. इतिहासाच्या अभ्यासकाला असा आकडा सापडला की काय आनंद होतो!

पण सत्तावीस ओळींनी दोन घोटाळेही केले, आणि मला ते त्या ओळींहून अधिक शिकवणारे वाटतात. एक आज्ञा अशी होती की तिने संगणकातले आपले उभे राहण्याचे ठिकाण बदलावे, म्हणजे ह्या कपाटातून त्या कपाटाशी जावे. फोर्क आल्यावर ती आज्ञा चालेनाशी झाली. मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचले. कारण साधे होते. आज्ञा आता पोटकामात चाले. पोटकाम त्या कपाटाशी जाई आणि तिथेच संपे. ज्याने पाठवले तो होता तिथेच उभा! मुलगा पुण्याला गेला म्हणून बाप पुण्याला पोचत नाही, तसेच हे. शेवटी ती एक आज्ञा मूळ कामानेच स्वतः पार पाडावी असे ठरले, आणि ती रीत आजही तशीच आहे.

दुसरा घोटाळा लिहिण्याचा. दोन पोटकामांना लागोपाठ एकाच फायलीत लिहायला लावले की दुसऱ्याचे लिखाण पहिल्याच्या लिखाणावर पडे. कुठवर लिहून झाले, ही खूण प्रत्येक काम आपल्यापाशी ठेवत होते. दोन कारकून, एक खतावणी आणि प्रत्येकाचा बोटभर वेगळा दोरा. दुसरा पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करी. मग ती खूण सर्वांच्या सामायिक तक्त्यात ठेवली गेली. पेरेंट म्हणजे मूळ काम, आणि त्याचे पोटकाम, ह्यांच्यात काय वाटून घ्यायचे आणि काय ज्याचे त्याने ठेवायचे, हे असे ठेचा खात ठरले.

प्रत्येक कामाला दोन वाटा दिलेल्या असत. शून्य क्रमांकाची आत येणारी, ती इनपुट. एक क्रमांकाची बाहेर जाणारी, ती आउटपुट. फोर्कची खुबी अशी की प्रत निघाल्यावर आणि तिने नवे काम घेण्यापूर्वी एक क्षण मिळतो, आणि त्या क्षणात ह्या वाटा बदलता येतात. बाहेरची वाट पडद्याकडे होती ती फायलीकडे वळवली, तरी नव्या कामाला त्याचा पत्ता नसतो. सारंगाच्या टोकाशी दारे धरणारा माणूस पाणी कोणत्या बंधाऱ्याचे, हे कुठे विचारतो?

इथे पाण्याची गोष्ट पुन्हा येते, आणि ती मी ओढूनताणून आणलेली नाही. बेल प्रयोगशाळेतच डग मॅकइलरॉय नावाचे गणिती होते. ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात त्यांनी लिहिले होते की बागेच्या पाण्याची नळी जशी नळीला जोडतात, तसे प्रोग्रॅमला प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. जळगावच्या माणसाला नळी जोडणे म्हणजे काय, हे दाखवायला नको. आपल्या केळीच्या बागांना पाणी मिळते ते नळीनेच. मॅकइलरॉय हा आग्रह पुढे वर्षानुवर्षे धरून राहिले, आणि १९७३ मध्ये केन टॉम्प्सनने एका रात्रीत ती सोय युनिक्सात करून टाकली. तिचे नावच पाइप. एका कामाचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट. दुसऱ्या दिवशी मंडळी वेड लागल्यासारखी आज्ञेला आज्ञा जोडत सुटली, असे सांगतात.

आणि आता पाट फुटण्याची वेळ आली. तोवर अडचण सांगणारा शब्द त्याच एक क्रमांकाच्या वाटेने बाहेर पडत असे. माणूस पडद्यासमोर बसला आहे तोवर ते चालून जाई, कारण उत्तर असो की तक्रार, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे. नळ्या जोडल्यावर मात्र पहिल्या कामाची तक्रार दुसऱ्या कामाच्या पोटात जाऊ लागली. दुसरे काम बिचारे तिला माल समजून मोजी, लावी, पुढे ढकली.

तिसरी वाट निघाली ती मात्र छपाईच्या कागदावरून. त्याच प्रयोगशाळेतल्या स्टीव्ह जॉन्सन ह्यांनी पुढे ही आठवण सांगितली आहे. तेथे प्रकाशाने अक्षरे उमटवणारे छपाईचे यंत्र आले होते. त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी दुर्गंधी येणाऱ्या रसायनाच्या दुसऱ्या यंत्रात घालावी लागे आणि काही मिनिटे थांबल्यावर अक्षरे दिसत. एका दुपारी कित्येकांना एकच अनुभव आला. सगळा सोपस्कार करून पट्टी बाहेर काढली, तो तिच्यावर सुंदर वळणदार छापील अक्षरांत एकच ओळ, की अमुक फाईल उघडता येत नाही! तक्रार छापखान्यात जाऊन छापली गेली होती. मंडळी कुरकुरली, ती कुरकुर योग्य माणसांच्या कानी पडली, आणि दोनचार दिवसांत दोन क्रमांकाची वाट निघाली. तिचे नाव स्टँडर्ड एरर. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ती रुळली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न ह्यांच्या शेलने, म्हणजे आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रॅमने, ही दुसरी वाट हवी तिकडे वळवण्याची खूणही दिली.

फडाच्या उपमेत एक जागा लंगडी आहे, ती शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावी. एरर म्हणजे सांडवा नव्हे. सांडव्याने जादा पाणी जाते, एररने जादा माल जात नाही. ती हाकेची वाट आहे.

वाट निघाली, पण वाटेच्या टोकाशी कोणी बसले पाहिजे ना? इथे प्रोग्रॅम लिहिणारे आजही फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पाइप म्हणजे अथांग विहीर नव्हे, तो लहानसा हौद आहे. युनिक्सच्या आरंभीच्या काळात त्यात ४,०९६ अक्षरे मावत. आजच्या लिनक्सात बहुधा ६५,५३६ मावतात. हौद भरला की लिहिणारे काम थबकते, कोणीतरी वाचून जागा करीपर्यंत. समजा मूळ काम फक्त उत्तराच्या वाटेशी बसले आहे. इकडे पोटकाम हाका मारते आहे, हाकेचा हौद भरला, पोटकाम थबकले. थबकल्यामुळे उत्तर येईना. मूळ काम उत्तराची वाट पाहते, पोटकाम हाक वाचली जाण्याची. दोघेही जिवंत, दोघेही निश्चल. पडद्यावर काही नाही. भाऊबंदकीच्या दाव्यात दोन्ही पक्ष आधी तू, आधी तू करीत पिढ्या काढतात, त्यातलाच हा प्रकार. इंग्रजीत त्याला डेडलॉक म्हणतात.

उपाय आहेत. दोन्ही वाटा एकाच वेळी ऐकाव्यात. किंवा हाक उत्तरातच मिसळू द्यावी. किंवा तिला सरळ फायलीत सोडावी, फाईल हौदासारखी लगेच भरत नाही. पायथॉन ही भाषा आज शाळा-कॉलेजांत शिकवतात. तिच्यात २००४ मध्ये पोटकामे चालवण्याचा सबप्रोसेस नावाचा स्वतंत्र विभाग आला. दोन्ही वाटा एकदम ऐकणारी तयार सोय त्यात आहे, आणि पोटकाम संपण्याची नुसती वाट पाहत बसलात तर असे अडकाल, असा इशाराही त्याच्या माहितीपत्रकात दिलेला आहे.

आत येणाऱ्या वाटेचीही एक खोड आहे. पोटकामाला माल देऊन झाला की मूळ कामाने ती वाट आपल्या बाजूने बंद केली पाहिजे. दार उघडेच राहिले, तर पोटकामाला वाटते अजून पाणी यायचे आहे, आणि ते बसून राहते. पाळी संपली हे दार लागल्यावरच कळते.

आणि शेवटी निकाल. पोटकाम संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झाले, दुसरे काही म्हणजे काहीतरी बिघडले. आमच्या शाळेत शून्य मिळाले की छडी बसे, इथे शून्य मिळवणारा पहिला! मूळ कामाने तो आकडा मागून घ्यावा लागतो. तोवर संपलेले पोटकाम संगणकाच्या तक्त्यात नावापुरते उरते. त्याला झॉम्बी असे भुताटकीचे नाव दिले आहे. मी आपला म्हणतो, मयत झाला पण सातबाऱ्यावरून नाव कमी झाले नाही. वारस तलाठ्याकडे गेलाच नाही, तर नाव निघणार कसे?

हे सर्व आपल्यापासून फार दूरचे वाटत असेल, तर खिशातला फोन काढून पाहा. अँड्रॉइडच्या फोनमध्ये झायगोट नावाचा एक प्रोग्रॅम फोन सुरू होतानाच जागा होतो. तुम्ही हवामानाचे किंवा बाजारभावाचे ॲप उघडले, की तो फोर्क करून आपली प्रत काढतो आणि ती प्रतच तुमचे ॲप होऊन बसते. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी ती जुनी युक्ती शेताच्या बांधावर चालू आहे. २०१९ मध्ये काही संशोधकांनी असाही लेख लिहिला की आजचे प्रोग्रॅम अवाढव्य झाले असून अख्खी प्रत काढण्याची ही रीत आता सोडावी. वाद चालू द्या. तीन वाटा मात्र कोणी मोडा म्हणत नाही.

आमच्या रजिस्टराचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्या मुलाने प्रोग्रॅमात दोनच बदल केले. हाकेची वाट एका फायलीत सोडली, आणि प्रत्येक पोटकाम संपले की त्याचा आकडा विचारावयास लावला. मग सर्व फोटो पुन्हा चालवले. ह्या वेळी पडद्यावर पूर्ण झाल्याची ओळ आली नाही. फायलीत एक्केचाळीस पानांची नावे आली. शाळेने कपाट पुन्हा उघडू दिले, हे तिचे उपकार. एकशे तेरावे पान जागेवर होते, आजोबांची ओळही स्वच्छ, शाईसुद्धा फिकटलेली नाही. मात्र तोवर पडताळणीची तारीख उलटून गेली होती. त्या गृहस्थांना पुढची तारीख मागून घ्यावी लागली, ती मिळाली, आणि मुलीचा प्रवेश एका वर्षाने झाला.

बाकीची पाने मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा टिपली. एकूण एकोणचाळीस निघाली. दोन पानांच्या जागी वाळवीची माती होती. त्यांचे फोटो आम्ही पहिल्या खेपेला काढले होते, त्या दिवशी ती पाने शाबूत होती, आणि कार्डावर त्या फोटोंचे अर्धे तुकडे अजून आहेत. एकात वरच्या चार ओळी वाचता येतात.